पयलो मान

दत्ताराम मालवणचा होता आणि मासे खात नव्हता. ताट समोर आलं की त्याच्या पोटातून उमळून येई. आणि पोटासाठी करत काय होता, तर सुक्या मासळीची पोती सायकलला बांधून फोंडा घाट चढत होता. माथ्यावरच्या बाजारांत मासळी विकायची आणि येताना मिरची नि गूळ घेऊन उतरायचं. बंदरावरच्या बायका त्याला चिडवत.

"मालवणचो नि म्हावरा खायना! आवशीन तुका घाटार जल्म दिल्यान काय रे?"

तो हसल्यासारखं करी. पण त्या वासाचा त्याला खरोखरच वीट आला होता. सुकटीचा वास त्याच्या शर्टात होता, केसांत होता, नखांच्या कडांत होता. पावसाळ्यात पोत्यातून काळपट पाणी मागच्या चाकावर ठिबके आणि चाक ते फर्रकन त्याच्या पाठीवर उडवी. घरी येऊन तो अंग लाल होईपर्यंत घाशी, आणि निजताना उशीला तोच वास येई. घाणीची माणसाला सवय होते म्हणतात. दत्तारामला ती कधी झाली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या एका गिरणीच्या क्रीडामंडळाला सायकल चालवणारे गडी हवे होते. कोकणातली पोरं दमाची असतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. मंडळाने घाटाची शर्यत लावली. पायथ्याच्या आंबेरखोल गावातून निघायचं आणि खिंडीपलीकडच्या सपाटीवर निशाण लावलेलं असेल ते ओलांडायचं. पहिला येईल त्याला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायमची नोकरी. दुसऱ्याला शाल.

साचेखात्यात कसला वास येतो हे दत्तारामला माहीत नव्हतं. तो मासळीचा नसणार, एवढं त्याला पुरे होतं.

आंबेरखोलात त्याचे मामा राहत, दाजी घाडी. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. पेरणी असो, लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, दाजींनी देवासमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ती त्यांची पिढीजात सेवा. तिच्यावर त्यांना एक कुणगा, म्हणजे भातशेतीचा लहानसा तुकडा, कसून खायला मिळे. कुणग्याचे आणि गावाचे धनी म्हणजे परशुराम मानकरी. गाव त्यांना आबा म्हणे. गावात कशाचाही पहिला मान आबांच्या घराचा. होळीला पहिला हात त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि खिंडीतल्या म्हापुरुषाला, म्हणजे घाटाच्या राखणदाराला, पहिला नारळही त्यांचाच.

शर्यतीच्या सकाळी आबांनी सगळ्या स्पर्धकांना शिरा घातला. तुपात थबथबलेला, गोड मिट्ट. मागे हात बांधून ते फिरत होते आणि पानाची पिंक कुठेही टाकत होते. त्यांचा मुलगा बाबू कोल्हापुरात कॉलेजात होता. त्याची सायकल बारीक चाकांची, विलायती. दत्तारामने आपल्या जड सायकलीचं कॅरिअर काढून ठेवलं होतं, पण वास काही काढून ठेवता आला नव्हता. बाबूने नाकाला रुमाल लावला.

"दत्त्या, तू मागसून ये हां," तो हसत म्हणाला. "तू म्होरे रवलंस तर वाटेत आमचे जीव जातले!"

सगळे हसले. दाजीमामाही हसले. मग ते पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्या माना खाली गेल्या.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो सायकलींचो खेळ तुझ्या घाटार चढतासा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची टांग मोडा नये, कोणाची साखळी तुटा नये..."

"व्हय म्हाराजा!"

"पयलो मान जेंचो आसा तेंकाच मिळांदे, त्येच्यात कोणी आड येवा नये..."

"व्हय म्हाराजा!"

दत्तारामही म्हणाला. लहानपणापासून म्हणत आला होता. गाऱ्हाण्यातले शब्द कोण ऐकतो? दाजींचा आवाज खाली आला की आपला वर न्यायचा, एवढंच. त्याचं सगळं लक्ष समोरच्या चढावर होतं.

शिट्टी झाली. आबा आणि दाजी दोन-चार गावकऱ्यांना घेऊन आबांच्या ट्रकमधून वर गेले. सायकली त्यांच्या धुरळ्यात निघाल्या.

पहिल्या वळणापर्यंत बाबूच पुढे होता. दत्ताराम घाई करीत नव्हता. घाट पायांना कळू द्यावा लागतो. वळणाच्या आतल्या बाजूला चढ अंगावर येतो, बाहेरच्या बाजूने लांब पडतं पण श्वास राहतो. तो बाहेरून घेत गेला. चढ फारच उभा झाला की रस्ता नागमोडी कापायचा. जांभ्याची तांबडी धूळ दातांत कचकचत होती. एक पोरगा कठड्याला टेकून आबांचा शिरा ओकत होता. त्या आंबट वासातून जाताना दत्तारामने श्वास रोखून धरला आणि त्या एका रोखलेल्या श्वासाने त्याची लय मोडली.

घाटाच्या मध्यावर त्याने बाबूला गाठलं. बाबूचा चेहरा पांढरा पडला होता, बारीक चाकं खडीवर नाचत होती. दत्तारामने सायकल बाहेरच्या कडेला घेतली. पुढे गेला. थोड्या वेळाने आबांचा ट्रक रिकामा, खाली जाताना दिसला. दत्ताराम कडेला सरकला आणि पायंडलवर उभा राहिला. आता पुढे कुणी नव्हतं. हातांची बोटं बधिर झाली होती, छातीत भाता चालला होता, तरी त्याला कधी नव्हतं इतकं स्वच्छ वाटत होतं. वाऱ्याने अंगावरचा वाससुद्धा मागे टाकला असावा.

खिंडीत म्हापुरुषाचा दगड आहे. त्याच्यापुढे रस्ता एक वळण घेतो, आणि वळणापलीकडे सपाटी. तिथे निशाण. दत्ताराम खिंडीत शिरला आणि रस्त्यात माणसं आडवी उभी दिसली. त्याला वाटलं, टाळ्या वाजवायला आलीत. तोच मामांनी पुढे होऊन त्याच्या सायकलीचं हँडल धरलं.

"थांब, दत्ताराम."

"मामानू, बाजूक व्हा. निशाण पलीकडे आसा."

"पयलो मान आबांच्या घरचो. बाबू म्होरे जायत, मगे तू."

"ही शर्यत आसा. पालखी नाय."

"म्हापुरुषासमोरसून कोणी पयलो जायत तर तो तेंच्या घरचो. सकाळी देवाक काय सांगला मी? तू काय म्हटलंस?"

"मी?"

"माझ्या बाजूकच उभो हुतो," एक गावकरी म्हणाला. "सगळ्यांपेक्षा मोठ्यान म्हटल्यान. व्हय म्हाराजा!"

हशा झाला. दत्तारामला आपल्या जिभेची किळस आली. खरोखरची, कुजक्या मासळीची येते तशी. हीच जीभ आपण तोंडात घेऊन फिरतो आणि ती आपल्याला न विचारता विकून येते.

"मामानू," तो हळूच म्हणाला, "गिरणीची नोकरी आसा. तुमका म्हायत आसा."

दाजी त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांची बोटं मात्र हँडलवर घट्ट होती. "माझो कुणगो आसा," ते तेवढंच म्हणाले.

आबा दगडाशी बसले होते. त्यांनी दत्तारामला जवळ बोलावलं, स्वतःच्या हाताने गुळाचा खडा आणि तांब्या दिला. "बस रे, घोटभर पाणी घे. तूच दमाचो आसस, आमका काय दिसना नाय? पण रीत ती रीत. बाबू येयत, दोन पावलां म्होरे जायत, मगे तू तुझी शर्यत मार." त्यांनी त्याच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच तो हात धोतराला पुसला.

दत्तारामने गूळ खाल्ला. घसा कोरडा पडला होता, नाही म्हणवलं नाही. त्या मायेच्या बोलण्याची त्याला सकाळच्या हशापेक्षा जास्त शिसारी आली. पाय गार पडू लागले. पोटऱ्यांत गाठी आल्या. घाटात पाय गार पडले की ते पुन्हा आपले राहत नाहीत, हे तो जाणून होता. आणि आबाही जाणून असतील, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मग ट्रकचा आवाज आला. आबांचाच ट्रक, कण्हत चढणारा. मागच्या फळीला एका हाताने धरून बाबू सायकलीवर बसला होता. खिंडीच्या अलीकडे त्याने हात सोडला. तो हात कोपरापर्यंत काळा झाला होता. सगळ्यांनी पाहिलं. मग सगळे दुसरीकडे पाहू लागले. कुणी म्हापुरुषाकडे, कुणी आभाळाकडे. एक म्हातारा तर वाकून पायातला काटा काढू लागला, आणि त्याच्या पायात काटा नव्हता.

"इलो रे बाबू, इलो!" आबा उठले आणि त्यांनी दगडावर नारळ फोडला. बाबू दगडासमोरून गेला. पहिला मान झाला.

मामांनी हँडल सोडलं.

दत्तारामचे पाय लाकडाचे झाले होते. पहिली चार पायंडलं त्याने नुसत्या रागाने मारली. वळणावर बाबू दिसला, झुलत होता. ट्रकने आणलेलं अंग आता स्वतःच्या दमावर चाललं होतं. दत्ताराम त्याच्या चाकाला चाक लावून आला. पलीकडे निशाण दिसत होतं, त्याच्या बाजूला पांढऱ्या टोपीतले गिरणीचे सेक्रेटरी घड्याळ घेऊन उभे होते.

"दत्त्या, थांब रे," बाबू धापा टाकत कुजबुजला. आता त्याने नाकाला रुमाल लावला नव्हता. "बाबा बघतत. माका गिरणी नको, माका वकील व्हवचा आसा. मी पयलो येतंय आणि सेक्रेटरीक सांगतंय, नोकरी तुका देवा म्हणान. दोघांचाय काम होता. दाजींचाय."

बरोबरच बोलत होता तो. नोकरी मिळणार होती, मामांचा कुणगा राहणार होता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. दत्तारामने त्या काळ्या हाताकडे पाहिलं. उष्ट्याचा घास जसा तोंडाशी यावा तसा तो नोकरीचा घास त्याच्या तोंडाशी आला, आणि पोटातून उमळून आलं.

"शिरा पडो तुझ्या मानार," त्याने शिवी हासडली आणि तो पुढे गेला.

निशाण ओलांडून तो सायकलीवरून उतरला तो थेट ओकलाच. आबांचा गूळ, पाणी, सगळं. सेक्रेटरींनी घाईघाईने पाय मागे घेतले.

"अहो, अहो, जपून! नाव काय तुमचं?"

नाव सांगितलं. सेक्रेटरी शुद्ध मराठीत म्हणाले, "अभिनंदन. दहाएक दिवसांत मुंबईला हजर व्हा." बाकी त्यांना काही माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं.

वळणावरून आबा चालत आले. मागे गावकरी, मागे दाजी. आबांनी पिंक टाकली.

"मान तुमकाच मिळालो, आबानू," दत्ताराम म्हणाला. "म्हापुरुषासमोरसून बाबूच पयलो गेलो. मी थांबलंय. सगळ्यांनी बघितला."

"मान!" आबा म्हणाले. "माझ्या पोराक मुंबयच्या माणसासमोर मागे टाकलंस, आणि माका मान शिकवतंस?" मग ते वळले. आवाज अजिबात चढवला नाही. "दाजी, फुडल्या पुनवेक तू येव नको. गाऱ्हाणा घालूक मी दुसरो बघतंय."

दाजींनी आबांना हात जोडले. नंतर भाच्याकडे पाहिलं, ते मात्र सुकटीच्या पोत्याकडे लोक बघतात तसं. म्हणजे रीत नव्हतीच, दत्तारामच्या मनात आलं. म्हापुरुष नव्हता, देवाला दिलेला शब्दही नव्हता. आबांच्या पोराला पहिलं आणायचं, एवढंच होतं. आणि त्यासाठी मामांनी देव पुढे केला, आणि आपण थांबलो. आपण थांबलो, हेच त्याला सर्वांत घाण वाटलं.

शाल बाबूला मिळाली. दत्ताराम टाळ्यांसाठी थांबला नाही. उताराला सायकल सोडून दिली. धुरळा तोच होता, वळणं तीच होती. जिंकल्याचा आनंद कुठेतरी असेल म्हणून तो मनात शोधत उतरला, पण हाताला काही लागलं नाही.

मामांच्या अंगणात त्याची पिशवी पायरीखाली ठेवलेली होती. उतारावर त्याला मागे टाकून गेलेल्या ट्रकने बातमी आधीच खाली आणली होती. सुभद्रामामी दारात उभी होती. रडलेली दिसत होती, पण आता रडत नव्हती.

"मामी, मी—"

"भाकऱ्यो घातलंय पिशवीत," ती म्हणाली. "खंय तरी बसान खा. हंय नको."