चार बोटांचा फरक

टेबल पुसता पुसता बायकोने लिफाफा उचलला, खालची जागा पुसली आणि तो होता तिथेच परत ठेवला. महिना झाला, ती रोज हेच करत होती.

"उत्तर देणार आहात, की याला आता घरातलाच एक माणूस समजायचं?"

"लिहितोय," निवृत्त ग्रंथपाल म्हणाले.

"जन्म गेला दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात. स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटल्या की हातपाय गळतात."

ते चष्मा पुसत राहिले. पत्र अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यबाईंचं होतं. त्या एके काळी तिथेच शिकत होत्या. पुस्तक परत करताना त्यातल्या शंका त्या ग्रंथपालांनाच विचारायच्या, म्हणून वर्गाने त्यांचं नाव 'प्रश्नावली' ठेवलं होतं. पत्रातही प्रश्नच होता. मुख्य इमारतीची दुरुस्ती निघाली आहे. मधल्या व्हरांड्यातली पायरी काढायची की जपायची, यावरून समितीत दोन तट पडलेत. 'पहिल्या दिवसापासूनचे आता तुम्ही एकटेच उरलात, सर. तुम्ही म्हणाल तसं करू.'

एवढा भार आपल्यावर का टाकावा, हेच त्यांना कळत नव्हतं. आपण ना इंजिनिअर, ना प्राध्यापक. पण त्या पायरीवर त्यांचा जीव होता, हेही खरं.

महाविद्यालय सुरू झालं ते बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात. खोक्यांच्या फळ्या जोडून केलेल्या टेबलांवर मुलं नकाशे काढत. लेथ एकच, त्यावर पाळ्या लावलेल्या. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आणि त्याची किल्ली सांभाळणारा एक बुजरा तरुण. मग जमीन मिळाली. पहिल्या प्राचार्यांनी तिची मोजणी विद्यार्थ्यांकडूनच करून घेतली. विहिरीच्या कठड्याचा माथा शून्य धरून एका तुकडीने पातळ्या काढल्या आणि पूर्वेची इमारत उभी राहिली. काही वर्षांनी दुसऱ्या तुकडीने त्याच कठड्यावरून पश्चिमेच्या पातळ्या काढल्या. दोन्ही इमारती व्हरांड्याने जोडायला घेतल्या, तेव्हा जमिनींत चार बोटांचा फरक निघाला. मधल्या काळात कोणीतरी कठड्यावर विटांचा एक थर चढवला होता. दोन्ही तुकड्यांची मोजमापं अचूक होती. शून्यच वर सरकलं होतं.

ठेकेदार तो फरक सिमेंटने बुजवायला निघाला, तेव्हा प्राचार्यांनी त्याला अडवलं.

"राहू दे. कुठे चुकलं ते पुढच्या पोरांना शोधू दे."

तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाचा पहिला धडा त्या पायरीपाशीच. हातात पातळ्या मोजायची दुर्बीण आणि मोजपट्टी द्यायची, उत्तर सांगायचं नाही. पुढे प्रयोगशाळा वाढल्या, भट्टी आली, संगणक आले. इथली मुलं धरणांवर गेली, पुलांवर गेली, आणि 'आधी शून्य तपासणारी माणसं' म्हणून ओळखली जाऊ लागली. ग्रंथपालांना याचा असा अभिमान, की जणू तो विटांचा थर त्यांनीच रचला होता.

अखेर एका सकाळी सव्वा पान लिहून झालं. पायरी जपावी, का जपावी, सगळं त्यात आलं. पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून ते निघाले. पण पाकीट बंद करवेना. कुठे अतिशयोक्ती तर झाली नाही ना? पायरी एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी, म्हणून ते आधी महाविद्यालयात गेले.

व्हरांड्यात तिपाईवर दुर्बीण चढवलेली होती आणि पहिल्या वर्षाचा वर्ग हमरीतुमरीवर आला होता.

"तुझं वाचन चुकलंय!"

"माझं? तू पट्टी वाकडी धरलीस. स्वतः तरी कधी सरळ उभा राहतोस का?"

"भांडू नका रे, दोघंही बरोबर आहात. तीच तर गोम आहे," चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी आकडे लिहिता लिहिता म्हणाली. "इमारती राहू द्या. कठडा बघून या."

ग्रंथपाल चाटच पडले. कित्येक वर्गांना इथवर यायला अख्खा दिवस लागलेला त्यांनी पाहिला होता. तोवर सगळा घोळका पायरी ओलांडून, व्हरांडाभर धावत विहिरीकडे पळालाही होता. मुलगी खुर्ची वळवून पायरीपाशी आली आणि थांबली. पायरीला लाकडी उताराची फळी टेकवलेली होती.

"फळी आहे की," ग्रंथपाल चाचरत म्हणाले.

"आहे ना. कार्यशाळेतल्या मुलांनी केलीय माझ्यासाठी. छान केलीय, पण चढ उभा आहे, आजोबा. एकटीने गेलं की मागे येते. कोणीतरी ढकलावं लागतं."

"मी ढकलू?"

"तुम्ही?" तिने त्यांच्या काटकुळ्या हातांकडे पाहिलं. "मग आपण दोघंही मागे येऊ. येतीलच ते."

विहिरीकडून आरोळी आली, "सापडलं! वरचा थर वेगळा आहे!"

तिने बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या. मान उंच करून तिकडे बघत राहिली. मध्ये खांब येत होता.

ग्रंथपालांनी पाकिटातलं सव्वा पान बाहेर काढलं. भिंतीलगतच्या बाकावर बसून एकदा वाचलं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

"बाळ, एक कोरा कागद देतेस?"

तिने वहीतला कागद टरकन फाडून दिला. ग्रंथपालांनी लिहिलं,

'पायरी काढावी. उतार किती लांब हवा, ते यंदाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गालाच मोजू द्यावं. त्या वर्गात एक मुलगी आहे, आधी तिला विचारावं.'

एकही शब्द खोडावा लागला नाही. नवा कागद पाकिटात घालून त्यांनी ते चिकटवलं. प्राचार्यबाईंचं दालन समोरच होतं, दारही उघडं होतं. पण कोणाच्या समोर जाऊन मत सांगणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. फाटकाबाहेर पडून, रस्ता ओलांडून, ते टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि पाकीट आत सोडलं.