मुलगी येईपर्यंत

"लग्न आहे का तिथे?" योहानाने विचारलं.

ती जर्मनीत उपग्रहांची चित्रं तपासायला बसली होती, मी बिश्केकच्या आपत्ती कार्यालयात, आणि दोघींच्या पडद्यावर एकच चित्र होतं. आमच्या डोंगरातला हिमतलाव फुगत चालला म्हणून आम्ही देशोदेशी मदत मागितली होती. अशा वेळी कोणी मोबदला विचारत नाही. ज्याचा उपग्रह वरून जात असेल, तो चित्र पाठवतो. जपान्यांच्या रडारने ढगांतूनही तलाव दाखवला होता. बर्फाचा बांध झिजत होता. आणि आज सकाळचं हे चित्र इतकं स्वच्छ, की घोडा न् माणूस वेगळा ओळखू यावा.

तलावाखालच्या कुरणात उन्हाळाभर आमच्याच घरची माणसं असतात. आके, म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ मेदेर आणि चुलत्यांची पाच बिऱ्हाडं. खाली उतरा म्हणून मी दोन दिवस मेदेरच्या मागे लागले होते.

"उतरतो गं एजे," तो म्हणायचा. एजे म्हणजे ताई. "पण आकेंना जरा बरं नाही, हलवता येत नाही. तूच ये ना. आठवण काढतायत तुझी."

"त्यांना फोन दे."

"झोपलेत."

"कालही झोपलेत, आजही झोपलेत. मेंढरं तरी जागी आहेत का रे तुमची?"

लहानपणापासून तो तसाच. काम सांगितलं की सबब तयार. मी फोन आपटला होता.

चित्रात बाकीची कुरणं रिकामी झाली होती. तंबू उठले तिथे गवतात पिवळी वर्तुळं तेवढी राहिली होती. आमच्या कुरणात मात्र सहाच्या सहा पांढरे तंबू जागच्या जागी, आणि भोवती घोडेच घोडे. योहानाला लग्न वाटलं, त्यात तिचं काय चुकलं? मलाही तसंच वाटलं. डोक्यावर मरण लटकतंय आणि हे जेवणावळी घालतायत. मी दातओठ खात चित्र मोठं केलं.

तेव्हा सातवा तंबू दिसला. बाकीच्यांपासून हटून, एकटा. त्याच्या दाराशेजारी सावल्यांची रांग होती. माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती.

लग्नात कोणी असं उभं राहत नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला वेगळ्या तंबूत ठेवतात. आत बायका रडतात आणि घरचे पुरुष बाहेर ओळीने उभे राहून येणाऱ्या प्रत्येकासमोर रडतात.

दूरच्या माणसाला मरण फोनवर सांगायचं नाही, ही आमची रीत. बरं नाही, आठवण काढतायत, ये, एवढंच म्हणायचं. तो आला की चार म्हाताऱ्या त्याला हात धरून बसवतात आणि मग सांगतात. हीच थाप मी स्वतः दोघांना मारली आहे, आणि तरी मला कळली नाही.

"झिपार?" योहाना म्हणाली. "लग्नच ना?"

"नाही. माझे वडील गेलेत."

तिने तोंडावर हात ठेवला. मला माझाच आवाज परका वाटत होता. मी मेदेरला फोन लावला.

"आके कधी गेले?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मला सातवा तंबू दिसतोय."

तो रडायला लागला. "परवा. झोपेतच गं. तुला कसं सांगायचं ते सुचेना."

"मग अजून माती दिली नाही?"

"तू आल्याशिवाय? तुझ्यासाठीच तर थांबलोय सगळे."

मी त्यांना उतरा उतरा म्हणून ओरडत होते, आणि ते माझ्यासाठीच त्या पाण्याखाली बसून होते.

"मेदेर, ऐक. तलाव आज फुटेल. आकेंना घोड्यावर घ्या आणि डोंगराच्या धारेवर चढा. आत्ताच्या आत्ता."

"एजे, लेक आल्याशिवाय उचललं तर लोक काय म्हणतील?"

"लोक जगले तर म्हणतील ना."

"चुलते ऐकायचे नाहीत."

"त्यांना सांग, लेकीने बघितलंय. वरून बघितलंय. माझी वाट बघू नका."

संध्याकाळी तलाव फुटला. कुरणाचे फोन बंद पडले. रस्त्यावरचा पूल गेला, त्यामुळे मला जायलाही वाट उरली नाही. मेदेरचं कोणी ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रान्सच्या उपग्रहाचं चित्र आलं. कुरणाच्या जागी नुसता चिखल होता. गवतातली वर्तुळंही दिसत नव्हती. तंबू आधी उठले की वाहून गेले, तेही सांगता येईना.

"वर धारेवर बघ," योहाना म्हणाली. ती अजून घरी गेली नव्हती.

धारेवर घोडे होते. मेंढ्या होत्या, माणसं होती, सामानाचे ढीग होते. सहा बिऱ्हाडांपैकी कोणीही आपला तंबू उभारला नव्हता. उभा होता तो एकच, सगळ्यांपासून हटून, आणि त्याच्या दाराशेजारी सावल्यांची रांग.

गाढव कुठले! माझं ऐकलं होतं, पण अर्धंच. अजून माझी वाट बघत होते.

तंबू नजरेला पडला की लेकीने दुरूनच मोठ्याने रडत यायचं असतं, म्हणजे आतल्यांना कळतं, आली म्हणून. मी खुर्ची सारून उभी राहिले आणि त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत हंबरडा फोडला. शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. योहाना पडद्यावर तशीच बसून राहिली. तिने आवाज बंद केला नाही.