टबात बुडवलेली ताटं

माझ्या भावाचं नाव आधी दामियान होतं. कट्टर ज्यू झाल्यापासून उरिएल आहे. दाढी आहे, सहा मुलं आहेत.

नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी ओन्से या ज्यू वस्तीतला खाटीक कुणाशी बोलत नाही, नुसता सुरा चालवतो.

माझा नवरा ख्रिस्ती. माझ्या लग्नाच्या फोटोंत भाऊ नाही.

उरिएलच्या नियमांत बसत नव्हतं म्हणून आजीचं पातेलं आईने वॉचमनला देऊन टाकलं.

आईबद्दल डॉक्टर म्हणाले, पुढचं नवं वर्ष धरून चालू नका.

खाटीक, पातेलं, सगळं एका जेवणासाठी. जन्मात प्रार्थनाघराची पायरी न चढलेल्या आईला एवढंच हवं होतं, की मुलाने एकदा तिच्या ताटात जेवावं. कित्येक वर्षं तो यायचा आणि फक्त पाणी प्यायचा. तेही स्वतःच्या बाटलीतलं. यंदा त्याने स्वतः येऊन ओव्हन ज्योतीने भाजून शुद्ध केला. आईने भांडी नवी घेतली, ताटं काचेची. सणाच्या आदल्या दुपारी, सणाला करायचा तो मासा मधोमध ठेवून आम्ही तिघं बसलो.

"ताटं बुडवून घेतलीस ना गं, आई?"

"सगळी! एकेक करून. गुडघे मोडले माझे."

"कुठल्या कुंडात?"

"कुंड कसलं? टब भरला काठोकाठ."

उरिएलने समोरचं ताट दूर सरकवलं. नवी ताटं शुद्ध करायला नळाचं पाणी चालत नाही. विधीच्या कुंडातलं लागतं, पावसाचं साठवलेलं. हे सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"नीट सांगायचंस मग," मी म्हणाले. "तुमच्या देवाला नळ चालत नाही म्हणून!"

"ताई, तू मध्ये पडू नकोस. तुला डुक्करसुद्धा चालतं."

"चालतं. आणि आईच्या हातचंही चालतं."

तो आईकडे वळला. "मासा खातो ना मी. अन्नाला काही झालेलं नाही. फक्त कागदी ताट दे."

त्याच्या मानाने हे पुष्कळ होतं. "खाली दुकानात मिळेल," म्हणत मी उठलेच.

"बस खाली," आई म्हणाली. "माझा मुलगा माझ्या घरात कागदावर जेवणार नाही. सहलीला आलाय का?"

"आई, एवढंच जमतंय मला."

"मलाही एवढंच जमतंय."

तिने मासा उचलून फ्रीजमध्ये ठेवला. रिकाम्या ताटांसमोर आम्ही बसून राहिलो. उन्हं कलली तसा उरिएल उठला. सूर्य मावळला की सण लागतो, मग त्याला बस चालत नाही. दारात त्याने आईला घट्ट धरलं.

"सण झाला की मी नेतो ताटं कुंडावर."

"ने."

त्याने नेली. धुऊनपुसून परतही आणली. तोवर आई हॉस्पिटलात होती, आणि अन्न नळीतून जात होतं.

लहानपणी उरिएलला हा मासा मुळीच आवडत नसे.