चवथीला दिसलेली कोर

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. बोटांना मोदकाचं तूप लागलं असेल तर तिथेच थांबा. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

परळच्या आमच्या चाळीतल्या अप्पांनी मला घरीच बनवलं. ते गिरणीत फिटर होते. कापडाचे तागे गुंडाळायची जाड पुठ्ठ्याची नळी त्यांनी आणली आणि तिच्या तळाशी स्वतः घासून तयार केलेला आरसा बसवला. गुरूचे चंद्र बघायला गच्चीवर रांग लागायची. शनी दाखवायचा म्हटलं की मात्र निम्मी रांग जिन्याने खाली जायची. आपण शनीकडे बघितलं की तोही आपल्याकडे बघतो, अशी समजूत! पुढे समोर टॉवर उभा राहिला. तेव्हापासून मी बाहेर आले की तिथले पडदे सरकतात. मी त्यांच्या घरात डोकावते, असा त्यांना संशय. मलाही त्यांचा संशय येतो. एवढं झाकण्यासारखं तिथे शिजतं तरी काय?

अप्पा गेले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. त्यांची नात जुई आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. यंदा तिनेच मला खाली काढलं. नेमकी गणेश चतुर्थीची संध्याकाळ होती. त्या दिवशी चंद्र बघितला तर चोरीचा खोटा आळ येतो म्हणून सगळी चाळ माना खाली घालून वावरत होती. चंद्र टॉवरमागे होता. पश्चिमेला शुक्र तेवढा चमकत होता. जुईने मला गॅलरीतून त्याच्यावर रोखलं आणि मीराबाईंना हाक मारली.

मीराबाई चाळीच्या गणपतीची पूजा मांडतात. दागिने त्यांच्याच हातून मूर्तीवर चढतात. त्यांनी डोळा लावला आणि झटक्यात मागे झाल्या.

"गो जुई, चवथीचो चंद्र दाखवलंस माका?"

"मावशी, तो शुक्र आहे."

"कोर दिसली ती माका! शुक्राक कोर खंयसून येतली?"

येते, मित्रांनो. शुक्र आपल्यापेक्षा सूर्याच्या जवळून फिरतो, त्यामुळे कधी त्याचा अर्धा भाग उजळलेला दिसतो, कधी नुसती कोर. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, मला दिसते. पण मला बोलता येत नाही, आणि जुईचं कोणी ऐकेना.

आरतीनंतर खाली चौकातल्या मांडवात ओरडा झाला. गणपतीची चांदीची दूर्वांची जुडी गायब होती. मंडळाचा विकास सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, राग मानू नका, पण तुमची पिशवी जरा दाखवता?"

मीराबाईंनी पिशवी सतरंजीवर उपडी केली. चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, जपमाळ. मग त्या तडक घरी गेल्या. पिशवी तिथेच राहिली. मला फार वाईट वाटलं. लोक कुजबुजले, चंद्र बघितला ना, मग हे व्हायचंच. कोणी म्हणालं, ही अवलक्षणी नळी भंगारात द्या.

सकाळी निर्माल्य काढताना जुडी सापडली. हिरव्या दूर्वांच्या ढिगात चांदीची जुडी गुंतून बसली होती. विकास हसून म्हणाला, "चला, चंद्राचा दोष फिटला." तेवढ्यावर प्रकरण मिटलं. माफी कोणी मागितली नाही. चंद्रावर ढकलता येत असेल तर कोण मागेल?

त्या संध्याकाळी जुईने मीराबाईंना हाताला धरून गॅलरीत आणलं. मागोमाग बरेच जण आले, विकासही. मला भंगारात टाकायलाच आलेत, अशी माझी खात्री होती. चंद्र आज टॉवरच्या बाहेर, वरच्या अंगाला उघडा दिसत होता. खाली शुक्र होता.

"मावशी, चंद्र तिकडे आहे. आता इथे बघा."

मीराबाईंनी डोळा लावला. कालचीच कोर. मान वर करून त्यांनी चंद्र पाहिला, पुन्हा डोळा लावला. मग विकासकडे वळल्या.

"काल मी चंद्र बघूक नाय. मग आळ चंद्रान नाय घातलो, विकास. तुमी घातलात."

विकास खाली गेला. मला वाटलं, सटकला. पण थोड्या वेळाने तो वर आला तेव्हा त्याच्या हातात मीराबाईंची पिशवी होती, आणि वस्तू नीट भरलेल्या होत्या.

"काकी, चुकलो," एवढंच तो म्हणाला.

मीराबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्याला माझ्यापाशी जागा करून दिली. त्याने आधी शर्टाला बोटं पुसली, हे मी पाहिलं.

मित्रांनो, माझा आरसा धुळीपासून जपा, मला पुन्हा माळ्यावर टाकू नका. मी संशयी आहे हे खरं. पण संशय आला तर मी पुन्हा नीट बघते, कोणाची पिशवी उपडी करत नाही. तुम्हीही आधी नीट बघा.