हेस्टरच्या बागेची वाट

मृत्युपत्रात कॉलेजचं नाव घालणाऱ्या म्हाताऱ्यांना कॉलेज दर जूनमध्ये जेवायला बोलावतं. जिवंतपणीच तेराव्याचं जेवण, दुसरं काय! विल्फ गॅमन पाच वर्षं त्या जेवणाला जात होता. आपल्यामागे घर आणि घराला लागून जाणारी वाट कॉलेजला, असं त्याने लिहून ठेवलं होतं. बायकोची तशी इच्छा होती म्हणून. हेस्टर एकतीस वर्षं कॉलेजच्या बागेत माळीकाम करायची. वारण्याआधी तिने घरामागची आपली सफरचंदांची बागही कॉलेजला देऊन टाकली. वकील म्हणाला होता, "बाग राखायची, अशी अट घालू या." हेस्टरला ते ऐकूनच लाज वाटली. "कॉलेजला कोण अट घालतं?"

यंदा सामन माशाची ताटली उचलली जाते न जाते तोच खजिनदार बाई, डॉक्टर स्ट्रॅट, शेजारी येऊन बसल्या. हातात रंगीत नकाशा.

"मिस्टर गॅमन, आनंदाची बातमी! बागेच्या जागेवर चाळीस घरं होतायत. नावही ठरलंय. हेस्टर कोर्ट!"

"आणि झाडं?"

"एक ठेवतोय ना. फाटकापाशी, पाटी लावून."

विल्फच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे बारा झाडं! त्यातली कित्येक तिने कॉलेजच्याच मरायला टेकलेल्या झाडांची कलमं बांधून वाचवलेली.

"तुम्हाला पैसा कमी पडतो का हो, बाई? लंडनमध्ये इमारती तुमच्या, बंदरावरची गोदामं तुमची, इथली निम्मी शेतं तुमची. एक बाग तेवढी डोळ्यांत खुपली होय?"

"तुमच्या भावना कळतात मला. पण देणगी नुसती पडून राहिलेली नाही चालत. वाढवावी लागते, पुढच्या पिढ्यांसाठी."

"पडून? दर सप्टेंबरला फळांनी वाकते ती!"

बाई गोड हसल्या आणि त्यांनी नकाशाखालून एक कागद पुढे सरकवला. बागेच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला रेल्वे, मागे चर्चचं कब्रस्तान. ट्रक जायला विल्फची वाट सोडली तर रस्ताच नव्हता.

"वाट पुढे आमचीच व्हायची आहे. आत्ता नुसती परवानगी हवी. इथे सही करा."

म्हणजे आपण मरेपर्यंत थांबायचीही यांना फुरसत नाही! विल्फने बाईंचं पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"बांधा की चाळीस घरं. विटा डोक्यावरून न्या," म्हणाला आणि पुडिंग यायच्या आत उठला.

सोमवारी तो त्याच वकिलाकडे गेला. "घर भाचीला. वाट गावाला. आणि अट लिहा."

वकिलाने चष्म्यावरून पाहिलं. "कसली?"

"पायी जाणाऱ्यांनाच वाट. चाक म्हणून आत येता कामा नये. कधीच."

"हातगाडीसुद्धा नाही?"

हेस्टरची हिरवी हातगाडी अजून पडवीत उभी होती.

"हातगाडी चालेल," विल्फ म्हणाला. "सफरचंदं कशातून आणायची मग?"