भिंतीतल्या पाइपात अडकलेली हवा

मी हवा बोलतेय. शेतातून, गच्चीवरून हुंदडणारी नव्हे. त्या माझ्या बहिणी. मी आहे एका भिंतीतल्या हातभर पाइपात कोंडलेली. वर घट्ट आवळलेलं बूच, खाली पाणी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तशी माझी गत.

माझ्या एका अंगाला थोरलीचं स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला धाकटीचं. दोघी सख्ख्या जावा. घराची वाटणी झाली तेव्हा मधे ही भिंत उभी राहिली. भांडी, कपाटं, अंगण सगळं वाटून झालं. पाण्याचा पाइप तेवढा वाटता आला नाही. तो भिंतीतून जातो आणि दोन्हीकडच्या नळांना पाणी देतो. त्या दिवशी एका कपाटावरून शब्दाने शब्द वाढला आणि दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच. पुढे थोरलीचा नवरा वारला, तेव्हाही धाकटी येऊन तिच्या शेजारी बसली आणि एक अक्षर न बोलता उठून गेली.

मी तेव्हा बाहेर मोकळी होते. पण पाइपाला सगळं आठवतं, आणि इथे मला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नाही.

दोघींकडे दांडीचे नळ आहेत, एका फटक्यात बंद होणारे. धावतं पाणी असं एकदम अडवलं की काय होतं? रांगेतला पुढचा माणूस अचानक थांबला तर मागचे त्याच्यावर आदळतात, तसंच. आणि पाणी काही दबणारं नाही. मग तो धक्का पाण्यातून उलटा सुसाट पळतो, पाइपाच्या टोकावर आपटतो, माघारी फिरतो, पुन्हा जातो. दमेपर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालतात. पाणी बिचारं जवळजवळ जागच्या जागीच असतं. पळतो तो नुसता धक्का. इकडे थोरलीने नळ बंद केला की तिकडे धाकटीच्या भिंतीत ‘धाड!’ व्हायचं.

धाकटीला वाटायचं, जाऊबाई राग काढताहेत. मग तीही आपला नळ आपटायची. जशास तसं! पण राग तरी किती दिवस पुरणार? तो केव्हा विरला ते दोघींनाही कळलं नाही, आणि सवय राहिली. सकाळी थोरलीची एक धाड, म्हणजे उठले. पलीकडून एक धाड, म्हणजे मीही. कधी उशीर झाला, तर दुसरी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायची. जीव गेला तरी हे दोघींपैकी कुणी कबूल केलं नसतं.

धाकटीच्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त भिंतीचं सुटलेलं प्लास्टर दिसायचं. धाकटी माहेरी गेली होती तेव्हा त्याने प्लंबर बोलावला.

“वर पाइपाचा हा रिकामा तुकडा बसवतो,” प्लंबर म्हणाला. “आत हवा राहील. धक्का ती खाईल, तुमची भिंत वाचेल.”

“कायमची?”

“कायमचं काय असतं साहेब? पाणी तिला हळूहळू गिळतं. परत आवाज यायला लागला की फोन करा. लाइन रिकामी करून नवी हवा कोंडू.”

त्याने बूच आवळलं. मला कुणी विचारलं नाही.

धाकटी परतल्यावर नवऱ्याने तिला नवं प्लास्टर दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत बसला. पाइपाचं सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने नळ बंद केला. धक्का आला, मी चेपले, फुगले, पुन्हा चेपले आणि तो जिरवून टाकला. पलीकडे काही पोचलं नाही. धाकटीने आपला नळ आपटला, तोही मी खाल्ला. दोघी आपापल्या बाजूला वाट बघत राहिल्या. मला सगळं कळत होतं आणि मी तोंड उघडू शकत नव्हते. कामात मी चोख, म्हणूनच हा घोळ.

“रुसल्या असतील. मीच का पुढे पुढे करायचं?” धाकटी पुटपुटली आणि नळ हळू बंद करायला लागली. थोरली मात्र हट्टाने आपटत राहिली. शेवटी एकदा ती लेकीला फोनवर म्हणाली, “इथे मी मेले तरी कुणाला कळायचं नाही आता. तू म्हणतेस तशी येते तुझ्याकडेच. घराला कुलूप लावू.”

लेक रविवारी न्यायला येणार असं ठरलं. थोरलीने बॅग भरायला घेतली.

त्या दिवसापासून मी देवाकडे एकच मागणं मागत होते, मला संपव. प्रत्येक धक्क्यासरशी पाणी वर चढायचं आणि मला थोडं थोडं पोटात घ्यायचं. पूर्वी भीती वाटायची. आता मी आपणहून त्याच्या तोंडी जात होते. आपट बाई, अजून जोरात आपट!

आज सकाळी थोरलीने नळ बंद केला आणि आलेला धक्का मला पेलला नाही. तो माझ्या अंगावरून निघून गेला. धाड!

पलीकडे भांडं खाली पडलं. मग इतक्या वर्षांनी भिंतीपलीकडून आवाज आला, “अहो जाऊबाई, भिंत पाडता का आता?”

थोरली ओट्याला धरून उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांना पदर लावावा लागत होता. मग तिने लेकीला फोन लावला. “रविवारी येऊ नकोस गं. धाकटीला माझ्याशी भांडायचंय.”

पण आवाज धाकटीच्या नवऱ्यानेही ऐकला. त्याने प्लंबरला उद्या बोलावलंय.

प्लंबरदादा, तुमचं चुकत नाही. असे धक्के बसत राहिले तर सांधा ढिला होईल, प्लास्टर पुन्हा पडेल. ते पुन्हा लावता येतं. पण लाइन रिकामी करू नका, नवी हवा इथे कोंडू नका. आधी त्या दोघींना समोरासमोर बसून एकदा पोटभर भांडू द्या. माझी काळजी करू नका, मी आता बोटाच्या पेराएवढीच उरलेय.