घळीचं तोंड

भावोजींना आपल्या बागेचा भारी अभिमान. घरामागच्या उतारावरची झाडी त्यांनी मुळासकट काढली, वरून खाली उभ्या ओळींत फळझाडं लावली आणि येईल त्याला हाताला धरून ती दाखवली. ताईची धाकटी बहीण कामानिमित्त राहायला आली, तेव्हा तिलाही चहा पुरता पिऊ न देता त्यांनी मागे नेलं.

धाकटी नकाशे करायची. टेकडी कुठे, ओढा कुठे, शेत कुठे, रान कुठे, हे सगळं कागदावर मांडायचं आणि त्यावरून माती कुठून वाहून चाललीय ते ठरवायचं. जिथे नुसती शंका, तिथे पिवळा रंग; जिथे धोका, तिथे लाल. ताई तिला चिडवायची, लहानपणी मातीत खेळलीस म्हणून मार खाल्लास, आता त्याच मातीचा पगार खातेस.

चार दिवस हसण्याखिदळण्यात गेले. मग धाकटीने विमानातून घेतलेले जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवले. ओढ्याकाठची घळ झाडी गेल्यापासून उतार चढत वर आली होती. तिचं तोंड आता बागेत होतं. सळई घेऊन ती मागे गेली. वरून सगळं हिरवंगार, शांत. सळई टेकवली, तर जोर न लावताच मुठीपर्यंत आत गेली. घराकडे सरकून पुन्हा टेकवली. तेच. खालची माती कधीच निघून गेली होती.

रात्री जेवताना भावोजींनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. मग हा नकाशा गावच्या कचेरीत लागणार का, असं विचारलं. लागणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आपल्याच माणसाने आपल्या घराला लाल फासायचं? जरा पिवळ्यावर भागव की."

"भावोजी, पिवळा दिला तर तुम्ही इथेच झोपाल."

त्यांनी ताट सरकवलं. ताईने नवऱ्याची बाजू घेतली आणि धाकटीशी बोलणं टाकलं.

काही दिवसांनी मागचं दार अडकायला लागलं. लाकूड फुगलं असेल, ताई भिंतीकडे बघत म्हणाली. पण बरेच दिवस थेंब पडला नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात केसासारखी भेग उमटली, तर ताईने तिच्यापुढे डबा सरकवून ठेवला. धाकटीने कोणाला न विचारता मागच्या खोलीतली अंथरुणं पुढे आणून टाकली. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या भांडणापायीच ताई वाळलेले कपडे काढायला मागे जायची राहिली.

भर दुपारी, लख्ख उन्हात, दोरीचा खांब कलला. मग सावकाश खाली उतरला. त्यामागून झाडांची एक ओळ, दुसरी, परसातली फरशी, स्वयंपाकघराची भिंत. आवाज असा फारसा झाला नाही. पोतं रिकामं करताना होतो, तसा. ताईने धाकटीचं मनगट एवढं आवळलं की वळ उठले. भावोजी धावत आले आणि कडेला जाऊन बघायला निघाले.

"एक पाऊल पुढे टाकाल तर माझी शपथ आहे," ताई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत उरलंसुरलं सामान शाळेत हलवलं. सकाळी भावोजी आपणहून धाकटीजवळ आले आणि नकाशा मागितला. लाल पट्टा घरांच्या अख्ख्या रांगेमागून गेला होता. दोघं शेजारी गेली.

शेजाऱ्याने बसायला खुर्च्या दिल्या, नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि आपली जमीन कातळासारखी आहे, असं हसून सांगितलं. भावोजी हात जोडून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मागच्या दारातून धाकटीला शेजारीण दिसत होती. एका रोपाच्या बुंध्याशी नळी सोडून ती कधीची उभी होती, आणि पाणी कुठेच साचत नव्हतं.